लिनक्स बघायचंय ना, मग आधी खोट्या कॉम्प्युटरवर बघा

विंडोज टेनचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि तेव्हापासून दर चार दिवसांनी ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, की माझा लॅपटॉप तर चांगला चालतोय पण इलेव्हन घेत नाही म्हणतो, मग ते लिनक्स का काय असतं ते टाकू का. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टम, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. टाका, पण लगेच नाही. आधी महिनाभर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघा, आवडलं तर पुढचं पुढे.

हे शहाणपण मला मामाच्या खर्चाने आलंय. मामाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि कॉलेजला असताना मी मोठ्या हौसेने त्याच्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायला घेतलं. इन्स्टॉल करताना एक स्क्रीन येते, त्यात दोन पर्याय असतात, एक शेजारी बसवा आणि दुसरा डिस्क पुसून बसवा. मी कुठला दाबला असेल ते कळलंच असेल. अख्ख्या हंगामाची उधारी एक्सेलमध्ये होती, ती गेली. मामा जुन्या वळणाचा म्हणून लाल वहीतही लिहून ठेवायचा, त्यामुळे वाचलो, पण वहीतून परत एक्सेलमध्ये भरायला मला तीन दिवस त्याच्या गल्ल्यामागे बसावं लागलं, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मामा सांगायचा, "आमच्या भाच्याने तुमची उधारी माफ केली होती, थोडक्यात हुकलं."

तर आता मुद्द्याचं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे तुमच्या चालू विंडोजच्या आत एका खिडकीत चालणारा खोटा कॉम्प्युटर. त्याला खोटी रॅम, खोटी हार्डडिस्क, खोटं नेटवर्क कार्ड. आत जी सिस्टम टाकाल तिला वाटतं आपण खऱ्या मशीनवर बसलोय, आणि तिची ती 'हार्डडिस्क' म्हणजे तुमच्या डी ड्राइव्हवरची एक मोठी फाइल असते बस. आत काहीही पुसा, फोडा, बिघडवा, बाहेर फक्त त्या फाइलमध्ये बदल होतो. ही काही कालची गोष्ट नाही, आयबीएमने १९७२ मध्येच मेनफ्रेम नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी व्हीएम ३७० नावाने हेच विकायला काढलं होतं, एका मशीनवर अनेकांना आपापलं मशीन मिळाल्यासारखं वाटावं म्हणून. आता तेच तुमच्या लॅपटॉपवर फुकट होतंय.

मी इथे व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, धरून सांगतोय. व्हर्च्युअलबॉक्स ऑरॅकलचं आहे, मूळ इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीचं, ते २००८ ला सन नावाच्या कंपनीने घेतलं आणि २०१० मध्ये सनच ऑरॅकलने घेतली. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर पण २०२४ पासून फुकट झालंय आणि चांगलंही आहे, पण डाऊनलोडसाठी आधी खातं उघडा वगैरे भानगड आहे, म्हणून नवख्याला मी व्हर्च्युअलबॉक्सच सांगतो. आणि मिंट यासाठी की खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोजवाल्याचा हात लगेच बसतो. ॲपलच्या एम चिपवाला मॅक असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तिथे यूटीएम हे सॉफ्टवेअर आणि त्या चिपसाठी बनवलेलं उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच आणखी एक प्रकार, असा वेगळा रस्ता आहे.

आधी लॅपटॉपची कुंडली बघा

रॅम ८ जीबी असेल तर आरामात होतं. १६ असेल तर प्रश्नच नाही. ४ जीबी असेल तर खरं सांगतो, होतं पण रडतखडत होतं, विंडोज स्वतःच अडीच तीन जीबी खाऊन बसतं आणि उरलेल्यात दुसरी सिस्टम म्हणजे एका खाटेवर चौघं. अशांनी हा नाद सोडून सरळ पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून बघावं, त्याबद्दल शेवटाकडे बोलतो. डिस्कवर ४० जीबी तरी मोकळी हवी. आणि एसएसडी हवी, जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर व्हर्च्युअल मशीन लावलं की चहा करून, पिऊन, कप धुवून आलात तरी डेस्कटॉप उघडतच असतो.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा, खाली बारीक अक्षरात 'व्हर्च्युअलायझेशन' असं दिसेल. समोर एनेबल्ड असेल तर पुढे चला. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, जावं लागेल, आणि इथेच अर्धी जनता घाबरून परत फिरते. घाबरू नका. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, त्यात ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, तिथून रीस्टार्ट केलं की निळी स्क्रीन येते, त्यात ट्रबलशूट आणि मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज असा पर्याय असतो, तो थेट बायोसमध्येच नेऊन सोडतो. तिथे इंटेलवाल्यांनी 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'व्हीटी-एक्स' शोधायचं, एएमडीवाल्यांनी 'एसव्हीएम मोड'. एनेबल करा, सेव्ह करून बाहेर या, दुसऱ्या कशाला हात लावू नका. एकच सावधगिरी, लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर तो कधीकधी रिकव्हरी की मागतो, तर ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर आहे का ते आधी बघून लांबलचक आकडा कागदावर उतरवून ठेवा. हो, कागदावर, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नाही, हसू नका, असं करणारे मी पाहिलेत.

दोन डाऊनलोड

पहिलं व्हर्च्युअलबॉक्स, त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, विंडोज होस्टवालं. होस्ट म्हणजे तुमचा खरा कॉम्प्युटर आणि गेस्ट म्हणजे आत येणारा पाहुणा, हे दोन शब्द पुढे सतत लागणार आहेत. तिथेच एक्स्टेन्शन पॅक नावाचं काहीतरी दिसेल, ते घेऊ नका, आपल्या कामाला त्याची गरज नाही, आणि त्याचं लायसन्स वेगळं आहे, घरगुती वापराला फुकट पण ऑफिसच्या मशीनवर टाकलंत तर पैशांचं लफडं.

इन्स्टॉल करताना तीन गोष्टींनी लोक बिचकतात. एक, व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नाही म्हणून तो अडतो, मग ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आधी टाकायचं. दोन, लाल अक्षरात सांगतो की नेट थोडा वेळ तुटेल, तुटू द्या, दोन सेकंदाचा प्रश्न असतो, फक्त मीटिंग चालू असताना करू नका. तीन, पायथन सापडत नाही म्हणतो, त्याला येस म्हणून पुढे जा, आपल्याला ते लागत नाही.

दुसरं मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची अख्खी सीडी एका फाइलमध्ये. मिंटच्या तीन आवृत्त्या असतात, सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. ८ जीबीवाल्यांनी सिनॅमन घ्या, त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई, ती हलकी आहे. बावीस नंबरची मालिका घ्या, तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फाइल साधारण ३ जीबीची असते, म्हणजे मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा पॅक असेल तर साठ-सत्तर टक्क्यांवर येऊन गळपटणार. त्यापेक्षा तिथेच टॉरेंटचा पर्याय दिलेला असतो तो घ्या, आज अर्धं उद्या अर्धं करता येतं आणि हे टॉरेंट पूर्ण कायदेशीर आहे, उगाच इकडेतिकडे बघू नका.

फाइल आली की तपासा. बरेचजण हे सोडतात, मी पण सोडायचो. पण २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच साइटमध्ये कोणीतरी घुसलं होतं आणि सिनॅमनच्या डाऊनलोडची लिंक बदलून मागचं दार उघडं ठेवलेली फाइल लावली होती, त्या दिवशी ज्यांनी आकडे जुळवून पाहिले ते वाचले. करायचं इतकंच, सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक, त्यात सीआरसी एसएचए, त्यात एसएचए-२५६. मिनिटभराने लांबलचक आकडा येतो, तो मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी जुळवा. सगळा वाचायची गरज नाही, पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली की बास. हे केल्याने अर्धवट उतरलेली फाइलही पकडली जाते, आणि माझ्या अनुभवात तोच फायदा जास्त वेळा होतो.

मशीन बनवायचं

व्हर्च्युअलबॉक्स उघडून 'न्यू' दाबा. नाव द्या, काहीही, माझ्याकडे एकाचं नाव 'मामा' आहे. फोल्डर विचारतो तिथे सी ड्राइव्ह भरलेला असेल तर आत्ताच डी निवडा, नंतर हलवता येतं पण डोकं खातं. आयएसओ इमेजमध्ये ती ३ जीबीची फाइल दाखवा. टाइप आपोआप आला नाही तर लिनक्स आणि उबुंटू ६४ बिट निवडा, मिंट उबुंटूवरच उभं आहे. यादीत ६४ बिट दिसतच नसेल तर समजा ते बायोसचं काम राहिलंय, परत वर बायोसच्या परिच्छेदात जा.

इथेच अनअटेंडेड इन्स्टॉलेशन असं काहीतरी दिसलं, तर ते होऊ द्यायचं नाही. काही व्हर्जनमध्ये 'स्किप' वर टिक करायची असते, काहींत 'प्रोसीड' वरची टिक काढायची असते, तर वाक्य नीट वाचून घ्या. का, तर ते चालू राहिलं की व्हर्च्युअलबॉक्स तुम्हाला न विचारता सगळं परस्पर बसवतो, स्वतःच युजरचं नाव आणि पासवर्ड ठरवतो, आणि उबुंटूच्या बाबतीत तर त्या युजरला ॲडमिनचे अधिकारच नसतात, मग एक साधं सॉफ्टवेअर टाकायला गेलात की तो म्हणतो तुम्ही कोण. शिवाय आपण शिकायलाच बसलोय ना, मग इन्स्टॉल स्वतःच्या हाताने झालं पाहिजे.

रॅम: ८ जीबीवाल्यांनी ३०७२ एमबी द्या, १६ वाल्यांनी ४०९६ किंवा ६१४४. पट्टी हिरव्यातून लाल होते तिथे जाऊ नका, पाहुण्याला सगळं घर दिलं तर यजमान झोपणार कुठे. प्रोसेसर दोन द्या, एक ठेवलात तर सगळं चिखलातून चालल्यासारखं चालतं. हार्डडिस्क २५ जीबी, आणि 'प्री-ॲलोकेट फुल साइझ' वर टिक करू नका. म्हणजे काय होतं की फाइल सुरुवातीला इवलीशी असते आणि आत भरेल तशी वाढत जाते, २५ ही फक्त वरची मर्यादा. मात्र ती वाढते तशी आपोआप कमी होत नाही, आत सिनेमा टाकून नंतर पुसलात तरी बाहेरची फाइल तेवढीच फुगलेली राहते, हे ध्यानात असू द्या.

मशीन तयार झालं की सुरू करण्याआधी सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघडा आणि व्हिडिओ मेमरी १२८ वर न्या. थ्रीडी ॲक्सिलरेशन आत्ता बंदच ठेवा.

आणि ती स्क्रीन

स्टार्ट दाबा. काळी स्क्रीन, त्यात 'स्टार्ट लिनक्स मिंट', एंटर. एक दोन मिनिटांत डेस्कटॉप येतो. हा अजून इन्स्टॉल झालेला नाही, आयएसओवरून थेट चाललाय, म्हणून इथे केलेलं काही टिकत नाही. कोपऱ्यात 'सॉफ्टवेअर रेंडरिंग मोड' असा निरोप आला तर दुर्लक्ष करा.

माउस खिडकीत अडकून बसला आणि बाहेर येईना तर कीबोर्डचा उजवा कंट्रोल दाबायचा. उजवा, डावा नाही. याला होस्ट की म्हणतात आणि हे एक बटण लक्षात ठेवलंत तर निम्मी घालमेल संपली. तीच धरून एफ दाबलं की फुल स्क्रीन, परत दाबलं की लहान.

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असतं त्यावर डबल क्लिक. भाषा विचारतो, मराठी पण आहे यादीत, पण पहिल्यांदा इंग्रजीच ठेवा असं माझं मत, कारण अडलात तर नेटवर शोधताना इंग्रजी नावं लागतात. पण आता गंमत अशी होते की खिडकी लहान असते आणि इन्स्टॉलरची खालची बटणंच दिसत नाहीत, कंटिन्यू कुठे गेलं म्हणून माणूस शोधत बसतो. ऑल्ट धरून ठेवा आणि खिडकीला कुठेही माउसने पकडून वर ढकला, ती स्क्रीनच्या बाहेर वर जाते आणि बटणं वर येतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी टॅब मोजून मोजून एंटर मारत एक अख्खं इन्स्टॉल आंधळ्यासारखं केलंय.

कीबोर्ड इंग्लिश यूएस. मल्टिमीडिया कोडेक्सवर टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. आणि मग येते ती, 'इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट'. सगळा डेटा पुसला जाईल अशा इशाऱ्यासकट.

इथे दाबायचं. बिनधास्त. मला माहितीये बोट थरथरतं, माझं तर अजून थरथरतं, पण इथे डिस्क म्हणजे ती २५ जीबीची फाइल, जी अर्ध्या तासापूर्वी तुम्हीच बनवली आणि ज्यात काहीही नाही. खात्री करायची असेल तर आधी 'समथिंग एल्स' मध्ये जाऊन डिस्कच्या नावात 'व्हीबॉक्स' असं लिहिलेलं दिसतं का बघा आणि परत या. तुमच्या खऱ्या एसएसडीचं नाव तिथे येऊच शकत नाही, कारण पाहुण्याला ती दिसतच नाही. मी तर म्हणतो ही स्क्रीन दोन तीनदा मशीन बनवून मुद्दाम बघा. प्रत्येक शब्द वाचा, 'समथिंग एल्स' मध्ये जाऊन पार्टिशन, म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग, कशी दिसतात ते बघा. कारण पुढेमागे खऱ्या लॅपटॉपवर हीच स्क्रीन हेच शब्द घेऊन येणार आहे आणि तेव्हा शेजारी मामाची उधारी असेल.

पुढचं सोपं आहे. टाइमझोनला नकाशावर भारतात क्लिक केलं की कोलकाता येतं, मुंबई शोधू नका, नाहीये. नाव, पासवर्ड द्या, पासवर्ड खरोखर लक्षात राहील असा द्या कारण काहीही टाकताना तो परत परत मागणार आहे. मग पंधरा वीस मिनिटं. शेवटी रीस्टार्ट, आणि 'इन्स्टॉलेशन मीडियम काढा आणि एंटर दाबा' असं येऊन थांबतं. काढायला तिथे काही नसतं, बहुतेक वेळा व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच आयएसओ बाहेर काढतो, नुसतं एंटर मारा. परत इन्स्टॉलवालाच डेस्कटॉप आला तर वरच्या डिव्हायसेस मेनूत ऑप्टिकल ड्राइव्हमध्ये जाऊन आयएसओ काढून टाका.

स्क्रीन लहानच राहिली तर

मिंट बऱ्याचदा खिडकीच्या मापाने आपोआप बसतं. नाही बसलं, तर डिव्हायसेस मेनूत सर्वांत खाली 'इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज' आहे, ते दाबा, आत सीडी उघडते आणि रन विचारते, पासवर्ड द्या, संपल्यावर मशीन रीस्टार्ट करा. आता खिडकी ओढून मोठी केली की आतला डेस्कटॉपही मोठा होतो. त्याच मेनूत शेअर्ड क्लिपबोर्ड बायडायरेक्शनल केलात की बाहेर कॉपी केलेलं आत पेस्ट होतं.

शेअर्ड फोल्डरही करता येतं, म्हणजे विंडोजमधलं एक फोल्डर आत दिसतं, त्यासाठी आत युजर्स अँड ग्रुप्समध्ये जाऊन स्वतःला 'व्हीबॉक्सएसएफ' ग्रुपमध्ये घालावं लागतं आणि लॉगआउट करून परत यावं लागतं, नाहीतर परवानगी नाही म्हणतो. पण एक लक्षात घ्या, मी वर म्हणालो ना की आत काहीही पुसा बाहेर काही होत नाही, त्या भिंतीला हे फोल्डर म्हणजे भगदाड आहे. त्या फोल्डरमधलं आतून पुसलं तर बाहेरचं खरोखर पुसलं जातं. म्हणून सबंध डॉक्युमेंट्स फोल्डर शेअर करू नका, 'देवघेव' नावाचं एक रिकामं फोल्डर बनवा आणि तेवढंच द्या.

तळाच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर तो व्हायरस नाही. विंडोजचं हायपर-व्ही, म्हणजे त्याची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, चालू असल्याने व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय, म्हणून हळू. विंडोज फीचर्समध्ये जाऊन हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म वगैरे बंद केलं की कासव जाऊ शकतं, कधीकधी सिक्युरिटीमधलं मेमरी इंटिग्रिटी पण बंद करावं लागतं, पण ते विंडोजचं संरक्षण आहे, तेव्हा काम भागत असेल तर कासव राहू द्या.

आता मोडा

सगळं नीट चालतंय ना, मग मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य खिडकीत मशीनच्या शेजारच्या मेनूत स्नॅपशॉट्स, मग टेक. नाव द्या 'कोरं'. हा त्या क्षणाचा फोटो आहे, डिस्कसकट.

आणि आता खरी मजा. खालची पट्टी राइट क्लिक करून काढून टाका. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून दिसेल ते टाका, दिसेल ते काढा. अपडेट मॅनेजरला सगळं अपडेट करू द्या. नेटवर कोणीतरी सांगितलेली कमांड टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, चिकटवून बघा, म्हणजे असं न वाचता चिकटवल्यावर काय होतं ते एकदा तरी कळेल, फक्त त्याआधी ते देवघेव फोल्डर काढून ठेवा आणि आत आपले कुठलेच खरे पासवर्ड टाकू नका. मी माझ्या भाचीला हेच काम दिलं होतं, म्हटलं एका संध्याकाळी हे मशीन चालू होणार नाही असं करून दाखव. तिने वीस मिनिटांत केलं, सिस्टमचं एक फोल्डर 'याने जागा अडवलीये' म्हणून उडवलं आणि रीस्टार्टनंतर नुसती काळी स्क्रीन. मग मशीन पॉवर ऑफ, 'कोरं' वर राइट क्लिक, रिस्टोर, आत्ताच्या अवस्थेचा स्नॅपशॉट घेऊ का यावरची टिक काढली, स्टार्ट. पट्टी जागेवर, वॉलपेपर जागेवर. ती म्हणाली दहावीच्या पेपरला पण असं हवं होतं.

स्नॅपशॉट दोन तीनच ठेवा, प्रत्येक जागा खातो. मशीन बंद करताना खिडकीची फुली दाबली की तीन पर्याय येतात. 'सेव्ह द मशीन स्टेट' म्हणजे आहे तसं गोठवा, उद्या तिथूनच सुरू. 'शटडाऊन सिग्नल' म्हणजे नीट बंद. 'पॉवर ऑफ' म्हणजे लाइट गेल्यासारखं, ते फक्त अडकल्यावर.

महिनाभर काय तपासायचं

नुसतं वॉलपेपर बदलत बसू नका, रोजचं काम आत करून बघा. मराठी टायपिंग आधी. कीबोर्ड सेटिंग्जमध्ये लेआउट्समध्ये अधिक चिन्ह दाबून मराठी शोधा, इनस्क्रिप्टवाल्यांना इनस्क्रिप्ट आहे आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांना कगप फोनेटिक नावाचा लेआउट आहे, एक संध्याकाळ हात चुकतो मग जमतं. युनिकोड मराठी सगळीकडे नीट दिसतं. पण डीटीपीवाल्यांच्या जुन्या फाइल्स, ज्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बनवल्यात, त्या उघडल्यात तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल, तो फाँट असल्याशिवाय काही होत नाही.

लिबर ऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणारं फुकट सॉफ्टवेअर, आधीच असतं, त्यात तुमची खरी एक्सेल फाइल उघडा, मूळ नाही, कॉपी. साधी बेरीज वजाबाकी, फिल्टर, सगळं चालतं, मॅक्रो असतील तर अडेल. टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, ते लिनक्सवर सरळ चालत नाही, तर ज्यांचं दुकान टॅलीवर आहे त्यांनी विंडोज ठेवावंच. जीएसटी किंवा टेंडरसाठी सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का ते बघा, डिव्हायसेस मेनूत यूएसबीमध्ये त्यावर टिक केलं की ते आत दिसतं. प्रिंटरही तसाच जोडून एक पान काढून बघा. या चार गोष्टींतलं एक जरी तुमच्या पोटापाण्याचं असेल आणि अडलं, तर महिन्याआधीच उत्तर मिळालं असं समजा.

काही गोष्टी मात्र इथे कळत नाहीत. वायफायचं चिन्हच दिसणार नाही, कारण पाहुण्याला तुमचं वायफाय कार्ड दिसत नाही, त्याला वाटतं केबल लावलीये. नेट चालतं, पण त्यावरून तुमचं खरं वायफाय लिनक्सवर चालेल असं होत नाही. ब्लूटूथ, बोटाचा ठसा, झाकण बंद केल्यावर नीट झोपणं, बॅटरी किती टिकते, हेही कळत नाही. आणि वेगावरून तर मत बनवूच नका, खऱ्या मशीनवर मिंट याहून बरंच चपळ असतं. यासाठी तीच आयएसओ रुफस किंवा बलेना एचर वापरून पेनड्राइव्हवर लिहा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा, तोच लाइव्ह डेस्कटॉप येईल, पण खऱ्या हार्डवेअरवर. तिथे वायफाय, आवाज, कॅमेरा बघून घ्या आणि बंद करा. त्या डेस्कटॉपवरही इन्स्टॉलचं चिन्ह असतं, आणि तिथे मात्र डिस्क खरी असते.

उलटंही होतं बरं का. ज्यांना विंडोज इलेव्हन बघायचंय त्यांना मायक्रोसॉफ्टकडून एंटरप्राइझची ९० दिवसांची ट्रायल मिळते, आणि २०२२ च्या सातव्या व्हर्जनपासून व्हर्च्युअलबॉक्स खोटं टीपीएम, म्हणजे इलेव्हनला लागणारी सुरक्षेची चिप, पण देतो त्यामुळे इलेव्हन आत बसतं. फक्त त्याला डिस्क ६४ जीबी आणि रॅम निदान ४ लागते, म्हणजे लॅपटॉप १६ जीबीचा हवा.

नको झालं तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये मशीनवर राइट क्लिक, रिमूव्ह. दोन बटणं येतात, 'रिमूव्ह ओन्ली' केलं तर यादीतून नाव जातं पण फुगलेली फाइल डिस्कवर तशीच पडून राहते, मग सहा महिन्यांनी डी ड्राइव्ह भरला कसा म्हणून विचारता. 'डिलीट ऑल फाइल्स' दाबा.